बरली

तिच्या नाकावर रेल्वेचं इंजिन होतं, पितळी,
समोरून बघितलेलं, धुराड्यासकट.
खानापूर स्टेशनचे हमाल बोट लावून बघायचे:
ट्रकवर इंजिन कशाला गा,
रुळावरनं उतरलीय का काय ही?

नाव बेर्लिए. असं इनास बार्देस्कर म्हणायचा,
शेवटचा ट गिळून.
आम्ही म्हणालो बरली.
कन्नडात बरली म्हणजे येऊ दे.
गाडी मागं घेताना चाकाजवळ उभा राहून
क्लीनर ओरडतो तेच: बरली, बरली, बरली.
म्हणजे दिवसातनं दहादा
मी तिला तिच्याच नावानं बोलवायचो
आणि ती उलट्या पावली यायची.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या साली
शिवबसप्पा हंजींनी लिलावात घेतली,
वास्कोच्या धक्क्यावर, चारी चाकं बसलेली.
कागद फ्रेंच, शिक्के पोर्तुगीज.
बेळगावच्या आरटीओत एक कारकून म्हणाला,
अर्ज कन्नडात पाहिजे.
दुसरा म्हणाला, मराठीत चालतंय की.
जेवणाची सुट्टी होईस्तोवर दोघं भांडले
आणि टेबलावर तिसरीच भाषा
पंख्याखाली फडफडत राहिली.

स्टेअरिंग डाव्या अंगाला.
म्हणून मी, सतरा वर्षांचा, बिनलायसनचा,
ड्रायव्हरच्या बाजूला बसायचो, हात मांडीवर.
लोंढ्याच्या बाजारात बायका मलाच हात करायच्या.
समोरनं येणारं मलाच आधी दिसायचं.
मी 'जा' म्हटलं की इनास जायचा.
एकदा चुकलो, तिनईघाटच्या अलीकडं.
लाकडाची गाडी आरशाला चाटून गेली.
इनास काही बोलला नाही.
बरली कडेला घेतली, बिडी पेटवली,
आणि काडी बोटापर्यंत येईस्तोवर
माझ्याकडं बघत राहिला.

पुढ्यात दोन काटे.
एकाखाली तेल लिहिलेलं, दुसऱ्याखाली पाणी.
मडगावच्या पाद्र्यानं इनासला शिकवलं होतं:
तीन अक्षरं लिहायची आणि म्हणायचं फक्त 'ओ'.
फ्रेंचांचं पाणी म्हणजे ओ.
मीठ भरून अनमोड चढताना
ती तापायची, शीळ घालायची,
आणि मी डबा घेऊन ओढ्याकडं पळायचो.
तिनं हाक मारायची, मी ओ द्यायचा.
सोळा वर्षं.

गिअरचा दात गेला तेव्हा हंजींनी थेट लियोंला पत्र धाडलं.
दोन नद्यांचा संगम आहे म्हणे तिथं,
कारखान्याला लागून कामगारांची घरं,
घरापुढं भाजीचे वाफे.
इनास सांगायचा, कधी न जाता.
सात महिन्यांनी उत्तर आलं.
पाकिटावर इंजिन नव्हतं, नाव दुसऱ्याच कंपनीचं.
आमच्या गावाच्या पाटीचंही पुढं तसंच झालं,
गाव मात्र उठून कुठं गेलं नाही.
तोवर मकबूल तिगडीनं उद्यमबागेत
दात ओतून घेतला होता.
फ्रेंच जबड्यात बेळगावी दात.
आवाज बदलला तिचा,
पण चढ चावायची तशीच.

मोडली ती एका दिवसात नाही.
इंजिन हलग्याच्या गुऱ्हाळावर गेलं,
मागचा हौदा नंदगडच्या वीटभट्टीवर.
केबिन इनासनं परसात नेली, कोंबड्यांना.
खुडुक कोंबडी डावीकडंच बसायची,
स्टेअरिंग होतं तिथं.
तो गेल्यावर त्याच्या लेकीनं बिल्ला मला दिला.
पुसून पुसून इंजिनचं धुराडं गुळगुळीत झालंय,
आता ते नुसतं नाकासारखं दिसतं.

परवा नातू टेंपो मागं घेत होता.
पुढ्यात पडदा, मागं कॅमेरा,
गाडी आपली आपणच टुंई टुंई करते.
म्हणाला, आजोबा, सरका, तुम्ही पडद्यात येताय.
सरकलो.
तरी तोंडातनं गेलंच: बरली, बरली.

गोकाककडची सून आतनं विचारते,
कोण येतंय मामा,
चहा वाढवू?