बेलवरचं नाव

जिन्यावर सत्तावीस जण होते,
तिच्या पुढे एकोणीस.
प्रत्येकाच्या काखेत फाइल:
पगाराच्या पावत्या, बँकेचा दाखला,
आणि आधीच्या मालकाचं पत्र
की हा माणूस भाडं थकवत नाही.
नेस्तानला आधीचा मालकच नव्हता.
कुताइसीत जन्मली त्याच घरात ती राहिलेली.
शेवटी आईलाच फोन केला.
काय लिहू? आईने विचारलं.
लिही, की मी त्रास देत नाही.
आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, खोटं कसं लिहू?

घर पाहावं बांधून, म्हणतात.
लाइपझिगमध्ये घर पाहावं
बूट काढून, हातात धरून,
बारा मिनिटांत.
खोल्या किती होत्या ते नंतर आठवत नाही.
आठवते पुढच्या माणसाच्या मानेवरची
ताज्या कापलेल्या केसांची रेघ.
तोही नटून आला होता.

सहावं घर मिळालं.
का मिळालं, कुणी सांगितलं नाही.

फ्राऊ टीट्झने किल्ल्या मोजून दिल्या,
आणि पाच पानी यादी वाचली:
खिडकीच्या चौकटीवर ओरखडा, चार सेंटिमीटर.
फरशीचा टवका, एक.
न्हाणीघरात आरसा नाही, भोकं चार.
नेस्तान पानापानाखाली सही करत गेली
जणू ओरखडे तिनेच काढले होते.
मग तिने विचारलं, स्वयंपाकघर कुठंय?
हे काय.
भिंतीतून बाहेर आलेल्या दोन नळ्या, तोंडात बोळे.
ओटा नाही, बेसिन नाही.
छतातून लोंबणाऱ्या तीन वायरी.
आधीची बाई आपलं स्वयंपाकघर घेऊन गेली,
इथे तशीच रीत आहे.
बरोबरच आहे, नेस्तानने मनाशी म्हटलं,
तिची चूल, तिने नेली.
पण दिवासुद्धा?

बेलशेजारची पट्टी सहा सेंटिमीटरची.
तिचं आडनाव, गोगिताश्विली,
तिच्या गोल गोल लिपीत अकरा अक्षरं,
इथल्या लिपीत तेरा.
बारीक काढलं तर वाचता येईना,
ठळक काढलं तर शेवटची दोन बाहेर.
तोवर पत्रं परत जात होती:
या नावाचं इथे कुणी नाही.
ती वर बसलेली असायची,
बाथटबमध्ये पालक धूत.

रविवारी दुपारी तिने अक्रोड कुटायला घेतले.
जमिनीवर, दगडी खलात, खिडकीच्या उजेडात.
लसूण, कोथिंबीर, चिमूटभर निळी मेथी,
आईने मोज्यात बांधून दिलेली.
बेल वाजली.
बेल वाजते हेच तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरचे हेर वेंड्रिश.
एक ते तीन शांततेची वेळ आहे, ते म्हणाले,
शिवाय आज रविवार.
हे सगळं त्यांनी पाठ करून आणलं असावं,
कारण मधेच ते अडखळले
आणि तिच्या खांद्यावरून आत बघत राहिले:
जमिनीवर खल, विजेची शेगडी,
सूटकेसवर मांडलेली एक ताटली,
त्या तीन वायरी.
वाक्य अर्धं टाकून ते खाली गेले.

तिने खल पलंगाखाली सरकवला.
घर गेलं, तिला वाटलं.

हेर वेंड्रिश परत आले ते शिडी घेऊन.
बोलले नाहीत.
मेन स्विच पाडला, चष्मा कपाळावर चढवला,
आणि होल्डर बसवून
बल्ब गच्च पिळला.
एवढ्या उजेडात तिला आपलं घर पहिल्यांदा दिसलं,
आणि त्यातला एक ओरखडा
जो यादीत नव्हता.
तिने अक्रोड पुढे केले. त्यांनी वास घेतला,
नको म्हणाले, मग बोटभर चाखले.
दारात थांबून म्हणाले,
घर सोडाल तेव्हा बल्ब परत द्या.

रात्री तिने ती यादी काढली
आणि पाचव्या पानाच्या तळाशी,
आपल्या सहीखाली, पेन्सिलीने लिहिलं:
बल्ब, एक. दुसऱ्या मजल्याचा.