चारशे मिलिसेकंद

स्विंडन. रात्रीचे साडेअकरा.
भाऊमामांची फाईल तिसऱ्यांदा कन्व्हर्ट केली.
टीव्हीवर ओठ आधी हलायचे,
शब्द मागून यायचे, धापा टाकत.
आवाज चारशे मिलिसेकंद अलीकडे ओढला.
बसला!
"नमस्कार मंडळी" अगदी ओठांवर.

मग मामांनी चहा संपवला.
आधी टण्ण वाजलं,
नंतर कप बशीत टेकला.

हेमांगी मोज्यांच्या जोड्या लावत होती.
वर न बघताच म्हणाली,
"मामा अडखळायचे रे.
तोंड उघडून थांबायचे, शब्द येईस्तोवर.
मामी तेवढ्यात वाक्य पुरं करून टाकायची,
त्याचा काय राग यायचा त्यांना!"

हीटिंग केव्हाच बंद झालेलं.
मी आकडा खोडला, शून्य लिहिलं.

मामांनी तोंड उघडलं.
आम्ही थांबलो.