शेवटचं नाव

पिएरच्या सभागृहात बावीस वर्षं मी नावं पुकारली.
यादीच्या तळाशी तो: झेलेन्का, ओटोकार.
त्याच्यापाशी येईतो निकाल लागून गेलेला,
लोक हातमोजे शोधत असायचे.
तो मात्र उभा राही, कोटाची बटणं लावी
आणि “नाही” म्हणे,
जणू अजून काही ठरायचंच आहे.

लिपनिक गावात त्याचं दाणा-पेंडीचं दुकान.
पहिल्यांदा आला सव्वीस मतांनी,
पुढे कुणी समोर उभंच राहिना.
कायदा त्याच्या नावावर एक:
लाकडी पुलांवर किती टन पेलतील, त्याची पाटी.

मग तो मार्च. मिझुरी अजून गोठलेली.
गावोगावचे जुने दवाखाने बंद करायचं विधेयक.
चौतीस, चौतीस, एक जण आजारी.
मी नाव घेतलं.
“बाई, पुन्हा वाचा,” तो म्हणाला.
मी वाचलं.
“हो.”
बटणं उघडीच होती.

कारण त्यानं कुणालाच सांगितलं नाही.
नोव्हेंबरात लिपनिकनं त्याला पाडलं,
दुकानासमोरच्या वॉर्डानंसुद्धा.

आता यादी योस्टपाशी संपते.
मी पेन लगेच खाली ठेवत नाही.