सैल सोडलेला बोल्ट

रायबंदरला, फेरीधक्क्यासमोर, लुसियानोच्या बारमध्ये
मी पहिल्यांदा गेलो तो पाना घेऊन.
फ्रिज घरघरतो, अशी तक्रार होती.
गुरुवारी इथे तिघं वाजवतात, लुसियानो म्हणाला,
आणि हा मधेच रेडा होतो.

मी फ्रिजच्या मागे पालथा,
कंप्रेसरला कान लावून,
आणि पाठीमागे कुणीतरी पियानोची
एकच पट्टी दाबली.
मग तीच पुन्हा, जरा उशिरा,
जसं कुणी उंबऱ्याशी थांबून विचारावं,
येऊ ना?

मला या संगीतातलं काही कळत नाही.
चोडणला आमच्या देवळात सप्ताहाला मी टाळ धरतो,
सम आली की मान आपोआप खाली जाते.
इथे मान खाली जायची आणि सम नसायचीच.
ती आधीच येऊन गेलेली असायची,
किंवा अजून नदीपलीकडे, फेरीची वाट बघत.
पहिले दोन गुरुवार मी चिडून घरी गेलो.
तिसऱ्या गुरुवारी राहिलेल्या बिलाचं निमित्त काढलं.

पियानोवर एर्मेलिंडाबाई. सत्तरीच्या.
डाव्या हाताची करंगळी पुरती वळत नाही,
म्हणून ती जिथे पडायला हवी
तिथे त्या जागा मोकळी सोडतात.
मी त्या मोकळ्या जागेसाठी येतो.

रोमाल्डचा बास त्याच्याहून उंच.
प्यालेल्या थोरल्या भावाला घरी न्यावं
तसा तो त्याला कवेत धरतो,
हळू, पायरी आहे, आता वळण,
आणि खरं तर भाऊच त्याला नेत असतो.

ड्रमवर क्लेटस. दिवसा वीज खात्यात.
त्याच्याबद्दल सांगायचं तर
तो बराच वेळ वाजवत नाही.
ब्रश नुसते फिरवतो कातड्यावर
सुपात तांदूळ पाखडल्यासारखे,
आणि सगळ्या बारला वाटतं, आता.
आता.
होत नाही.
मी ग्लास उचलायला वाकतो, तेव्हा होतं.

चौथ्या गुरुवारी मी फ्रिज नीट केला.
खालची रबरं बदलली, बोल्ट आवळला. चिडीचूप.
लुसियानोने खुशीत फेणी पाजली.
रात्री ते संथ गाणं सुरू झालं
आणि बाईंनी मधेच हात उचलले.
रोमाल्डकडे पाहिलं. त्याने छताकडे.
"कितेंतरी उणें आसा," त्या म्हणाल्या,
आणि स्वतःच्या करंगळीकडे बघत राहिल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.
इतकी वर्षं रोमाल्ड त्या घरघरीशीच
खालची तार जुळवत होता.
मी यंत्राचा दोष काढला,
त्याबरोबर ह्यांचा षड्जही.

लुसियानो आत बांगडे तळत होता.
पाना माझ्या खिशात असतोच.
उठलो, अर्धा आटा सैल केला.
रेडा परत आला, दबक्या आवाजात.
रोमाल्ड हसलाबिसला नाही,
त्याने फक्त अंगठा त्या आवाजावर टेकवला
आणि बाईंचे हात परत खाली आले,
जिथून उचलले होते तिथेच.
(लुसियानोला अजून वाटतं, माझी दुरुस्ती टिकत नाही.
वाटू दे. त्याच्याकडून मी पैसेही घेत नाही.)

एकच हळहळ.
त्यांचं शेवटचं गाणं
शेवटच्या फेरीच्या आधी कधी संपत नाही.
भोंगा होतो, मी पळतो,
रॅम्प उचलता उचलता उडी मारतो.
मांडवीच्या मध्यावर पियानो पातळ होत जातो,
आधी उजवा हात, मग डावा,
मग उरतो तो बास की फेरीचं इंजिन
हे मला, कंप्रेसरवाल्याला, सांगता येत नाही.

पलीकडे मोटरसायकली चालू होतात.
रॅम्प खडीवर टेकतो.
मी तिथेच क्षणभर थांबतो
आणि मान खाली घालतो,
अंदाजाने.