कच्चा खर्डा

गॅसच्या बिलाच्या पाकिटावर लिहून ठेवलंय:
ऑगस्ट, शेवटचा शनिवार. थीम, जास्तीचं.
ज्याच्या परसात जे उतू गेलंय ते त्यानं आणायचं.
डोलोरेस आणेल हातभर लांब झुकिनी,
जी ती गेले तीन आठवडे अंधार पडला की
आमच्या पायरीवर ठेवून पळ काढते,
सत्तरीची बाई, चोरासारखी.
खूरींकडे पुदिना माजलाय, कुंपणाखालून इकडे आलाय.
मी मोठ्या पातेल्यात टोमॅटोचं सार करीन.
वृंदाला विचारलं, तुझ्याकडे काय जास्तीचं?
ती म्हणाली, जुन्या साड्या. मग टेबलावर त्याच.

श्रीरंग विचारतो, माणसं किती?
मी म्हणते, पातेलं केवढं आहे ते बघ.

माझ्या आईला कुणी थीम विचारली असती
तर ती म्हणाली असती, पोहे.
आणि उरले तर संध्याकाळी, पुन्हा पोहे.

सप्टेंबरचे दोन बेत होते.
पहिला पिवळा: पिवळं नेसायचं, पिवळं वाढायचं,
कणसं, भोपळ्याचे घारगे, लिंबूभात, डब्याडब्यांतून झेंडू.
खोडला. महिनाअखेर टोलेडोतली झाडं
ते काम आपणहून हाती घेतात,
आणि कागदी ताटल्या लागत नाहीत.
दुसरा पत्त्यांचा. सगळ्यांना गुलामचोर शिकवायचा.
पण मिस्टर खूरी हरले की रुसून बसतात,
बायको नादिया त्यांना तिथंच सोडून घरी जाते,
आणि मग आम्ही अकरा वाजेपर्यंत
त्यांना कॉफी पाजत बसतो.
हा खोडला नाही. पुढं ढकललाय.

ऑक्टोबर: भोंडला, गॅरेजमध्ये.
गाडी बाहेर, हीटर आत, कोट घालून फेर.
सिमेंटवर खडूनं हत्ती.
हत्ती मला जमत नाही, सोंडेचा
बागेतला पाइप होतो.
तो दर वर्षी यामिनी काढायची,
कानात झुलती डूल, शेपटीला गोंडा,
आणि पाऊस आला की तिला राग यायचा
पावसाचा नाही, माझा,
मी गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणून.

बावीस तारखेला तिला मिनेसोटात सोडून आलो.
जाताना मागच्या सीटवर उशी, पंखा, कुंडी, ती.
येताना मागं काहीच नव्हतं,
तरी श्रीरंग लेन बदलताना
मागं वळून बघायचा, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.
घरी पोचलो तर पायरीवर झुकिनी होती.
त्या रात्रीच मी हे पाकीट घेतलं.

म्हणजे कुणी विचारलंच, एवढ्या पार्ट्या कशाला,
तर सांगायचं, शनिवार आहेत ना.
नोव्हेंबरपर्यंत मोजले, दहा भरले.

भोंडल्यात मला सगळ्यात काय आवडतं,
तर खिरापत ओळखणं.
डबा बंद, कुणी उघडायचा नाही,
कानाशी धरून फक्त हलवायचा.
डोलोरेसला आधी समजावून सांगावं लागेल,
आत काय आहे हे ठाऊक असणारी
जी डबा घेऊन आलीय, ती हसत गप्प असते,
आणि बाकीच्या म्हणतात, गोड? तिखट?
कोरडं आहे का? खुळखुळतंय का?

रविवारी यामिनीचा फोन येतो.
म्हणते, मी मजेत. जेवले. हो, गरम होतं.
रूममेट चांगली आहे. नाही, थंडी नाही अजून.
मी फोन कानाशी घट्ट धरते.
मागं कुठंतरी दार आपटतं, कुणी हसतं,
ती दोन शब्दांच्या मध्ये जरा थांबते.

गोड, मी मनात म्हणते.
मग, बहुतेक गोड.
मग विचारते, हत्तीची सोंड
आधी काढायची की डोळा?

डोळा, ती म्हणते, आई, नेहमी डोळा.

पाकिटावर खाली लिहिते:
खडू आणणे. पांढरा आणि निळा.
खुर्च्या, खूरींकडून सहा.