कॅन सरळ धरा

कंपनीची बस वडशातून सुटली तेव्हा मी
संहितेची झेरॉक्स काढत होतो.
प्रॉम्प्टर मागे राहिला, हे कोरचीला पोचेपर्यंत
कोणाच्या ध्यानात येत नाही.
खलनायक राहिला, हे तरी यायला हवं होतं.
पण लीलाधर कापगते चहा दोनदा पितात,
दुसरा फुंकून फुंकून.

मग चोपराम मडावीची जीप.
मागच्या बाकावर यमूबाई नरनवरे, मांडीवर मिक्सर,
सुनेच्या माहेराहून आलेला, माहेरी परत निघालेला.
"चटणी वाटत नाई, नुसता बोंबलते,"
हे त्या आरमोरीपासून सांगत आलेल्या,
आधी ड्रायव्हरला, मग खिडकीला.
आणि गुडघ्यांत ॲल्युमिनियमचा कॅन धरून
गुरांच्या दवाखान्यातला संतकुमार लांजेवार.
त्याला एकच वाक्य येत होतं:
"कॅन सरळ धरा."

"काय हाय त्यात?"
"जर्सी."
"एवढ्याशात?"
"चाळीस."
यमूबाई पदर सावरून
मिक्सरसकट खिडकीकडे सरकल्या.

कुरखेड्याच्या पुढे त्यानं झाकण उघडलं,
पट्टी बुडवून आतलं माप पाहिलं.
पांढरा धूर उठला, जड, आळशी,
सीटवरून उतरून आमच्या चपलांत शिरला.
लीलाधरभाऊ बघतच राहिले.
तीस वर्षं ते म्हणतात, एकदा धुरातून येऊ द्या,
आणि तीस वर्षं मॅनेजर
उदबत्तीचा पुडा पुढे करतो.
"पाच मिनिटं दे, लांजेवार. फक्त एन्ट्रीले."
"सरकारी हाय."
"रडून मागू का?"
"मागा. पण हात लावलाच हाय तं सरळ धरा."

घाटात टायर बसला.
जॅक होता. जॅकचा दांडा चोपरामच्या मेव्हण्याकडे,
मेव्हणा राजनांदगावला.
एक ट्रॅक्टर दिसला तेव्हा लीलाधरभाऊ
रस्त्याच्या मधोमध उभे राहिले
आणि दुसऱ्या अंकातली आरोळी दिली:
"थांब! तुझ्या घराण्याचा दिवा विझवीन!"
ट्रॅक्टर थांबला नाही.
बाजूच्या चाकोरीतून असा उधळला
की ट्रॉलीतून धानाची दोन पोती पडली.

यमूबाईंनी ती कडेला ओढायला लावली.
"येईल तो घ्याले," म्हणाल्या,
त्यांवरच बसल्या, डबा सोडला.
भात, लाखोळीची डाळ,
पाट्यावर वाटलेली चटणी.
खलनायकाला चटणी तीनदा.
मला कोणी विचारलं नाही, प्रॉम्प्टरला सवय असते.
संतकुमारनं मात्र अर्धी फोड लोणचं दिलं
एका हातानं. दुसरा कॅनवर.

दीड तासानं ट्रॅक्टरवाला आला पोत्यांसाठी,
सोबत पोलीस पाटील आणि चार जण.
त्यांच्याकडे दांडा होता.

रात्री साडेदहा, तिसरी घंटा.
मी स्टेजपुढच्या खड्ड्यात, हातात टॉर्च.
विंगेच्या कोपऱ्यात, कोणी न बोलावता, संतकुमार.
"तीन सेकंद," तो कुजबुजला. "मोजून."

धूर आला. खरोखरचा आला.
आणि त्यातून कापगते,
भुवया कोळशाच्या, मुठीत चाबूक.
मंडपात एक मूल रडायचं थांबलं.
तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून:
"अवो, कायले भेता त्याले?
मानूस चांगला हाय. तीनदा चटणी घेतली त्यानं!"

अख्खा मंडप हसला.
लीलाधरभाऊ घोट्यापर्यंत ढगात, तोंड उघडं.
पुढचं वाक्य होतं, 'कोण आहे रे तिकडे?'
मी दोनदा दिलं. दोन्ही वेळा
हसण्यात बुडालं.
ते वाकले, खड्ड्याकडे नाही, सतरंजीकडे,
चाबूक काखेत धरून:
"मिक्सर केला का वापस, यमूबाई?"
"नाई जी. इहिणीनं चालवून दाखवला.
झाकणच उलटं बसवत होतो आमी."

मी ते पेन्सिलनं
संहितेच्या समासात उतरवून घेतलं.
पुढच्या गावी लागलं तर असू द्यावं.