चार नंबरची खोली

सुट्टी कशी ठरवतात ते मी पाहुण्यांकडून शिकले.
आधी टेबलावर नकाशा पसरायचा,
वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू:
साखरेचा डबा, टॉर्च, कोर्नेलिसची हातोडी, मिठाची बरणी.
मग बोटानं समुद्र ओलांडायचा.
बोटाला लाट लागत नाही.

अकरा वर्षं झाली, रिउंगच्या या धक्क्यामागं
मी लोकांच्या सुट्ट्या धुते,
वाळत घालते, घडी करून कपाटात ठेवते.
चादर झटकली की बेटावरची वाळू पडते.
रुतोंगचं अर्धं बेट एव्हाना
माझ्या अंगणात येऊन बसलं असेल.
मी तिकडं एकदाही गेले नाही.

सतरा बेटं म्हणतात. मोजली तर जास्त भरतात.
स्वातंत्र्याच्या तारखेवरून कुणाला तरी सतरा आवडले,
उरलेली बिनआकड्याची
तशीच उभी पाण्यात.

कोर्नेलिस म्हणाला, मला काय नवीन? मी रोज जातो.
मी म्हटलं, तू इंजिनाकडं बघत जातोस.
ओक्तावियानाला बाथटब असलेलं हॉटेल हवं होतं.
तिला बेटाभोवती पाणीच पाणी आहे हे सांगून पाहिलं.
ती म्हणाली, पण ते गरम नाही.

तयारी मात्र रीतसर केली.
पाहुण्यांनी विसरलेल्या उन्हाच्या मलमाच्या सात नळ्या,
सगळ्या अर्ध्या, पिळून एका बाटलीत भरल्या.
कुणाची तरी गवती टोपी, माझ्या डोक्याला सैल.
केळीच्या पानात भात, सुकी मासळी, मिरचीचं वाटण.
फेब्रुवारीतला मंगळवार ठरला,
कारण आम्हाला सुट्टी तेव्हाच मिळते
जेव्हा समुद्र कुणालाच सुट्टी देत नाही.

आणि त्यानं दिली नाही.
पहाटे पश्चिमेचा वारा धक्क्यावर अशी डोकी आपटत होता
की स्तानिसभाऊंनी लांबूनच हात हलवला:
निरोपाचा नव्हे, नकाराचा.
आम्ही तिघं पिशव्या घेऊन उभे.
भात अजून ऊन होता.

तेव्हा ओक्तावियाना म्हणाली,
चार नंबर रिकामी आहे ना?

मी काउंटरच्या आत जाऊन रजिस्टर उघडलं.
नाव: योसेफिना, अधिक दोन.
कुठून आलात: मागच्या दारानं.
पुढं कुठं जाणार: ठरायचंय.
कोर्नेलिसनं भाड्यात घासाघीस केली.
मी एक दमडी सोडली नाही.

रात्री कळलं, पंखा खरंच वाजतो.
टक, मग थोडं थांबून, टकटक,
जसं कुणी आत यायचं की नाही ठरवतंय.
वर्षानुवर्षं लोक सांगत आले, मी म्हणत आले, हो हो, उद्या.
मच्छरदाणीला अंगठा जाईल एवढं भोक.
उशी दगड.
एवढं सोसून हे लोक जाताना
माझ्या हातात हात घेऊन हसायचे!

पण त्याआधी, दिवेलागणीला,
मी पलंगावर पाय पसरून बसले होते
(त्या वेळी मी एरवी मासे तळत असते)
आणि खिडकीतून, दोन शेवग्यांच्या मधून,
ओंतोलोएची वटवाघळं निघाली.
एवढ्या वाऱ्यातही निघाली, तिरकी होत, मागं ढकलली जात,
आख्ख्या बेटाची सावली सुटून
आमच्या कौलांवरून गेल्यासारखी.
चार नंबरला एवढं दिसतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असेल.
मला त्यांची भाषा पैशांपुरती येते.

पाचला जाग आली, सवयीनं.
चूल पेटवायला उठणार, तोच कोर्नेलिस म्हणाला,
पाहुणे इतक्या लवकर उठत नाहीत.
पडून राहिले. हातांना काय करावं सुचेना,
ते छातीवर एकमेकांना धरून बसले.

सात वाजता पाहते तर हाच
शिडी लावून, दात ओठांत धरून
पंख्याला तेल देतोय.
मी म्हटलं, उतर खाली.
खोली दुपारी बारापर्यंत आपली आहे.